न विचारलेला प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून गतकाळाचा गौरव करण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज आपल्या घरांतील एका मौनाविषयी बोलणार आहोत, आणि त्यासाठी गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांच्या कार्याचा आधार घेणार आहोत.

राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. पती डॉ. अभय बंग यांच्यासह त्यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्या काळी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, एवढाच विचार बहुधा होत असे. दवाखान्यात येईल तिचीच नोंद. जी येत नाही तिचे दुखणे कोणत्या कागदावर यावे? आमचे आयुष्य सरकारी कागदांत गेले, म्हणून ही उणीव आम्हास विशेष जाणवते.

राणीताईंनी तो कागदच बदलला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील तेरा वर्षांच्या मुलींपासून वृद्धांपर्यंत ६५० जणींची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! हा शोधनिबंध १९८९ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे किशोरवयीन मुलामुलींशी देहातील बदलांविषयी मोकळेपणाने बोलणारा 'तारुण्यभान' हा उपक्रमही त्यांनी चालविला.

ही खेड्यांची कथा, आपण तर सुशिक्षित, असे कोणी म्हणेल. आमची कन्या नववीत असता दर महिन्यास दोन दिवस शाळा बुडवीत असे. बदलीच्या गावी आजी नव्हती, मावशी नव्हती. तिची आई संकोचली. आम्ही गैरहजेरीच्या चिठ्ठीवर निमूट सही करीत राहिलो. लग्नानंतर माहेरपणास आली तेव्हा तिने आईस सांगितले, "वेदना असह्य होत, पण हे सोसायचेच असते असे मला वाटे." उपचार तेव्हाही होऊ शकले असते. केवळ कोणी विचारले नाही.

परप्रांतात मंडळ हेच आपले आजोळ. पन्नास वर्षे आपण येथे गणेशोत्सव केले, नाटके बसविली. आता दर सुट्टीत एक दिवस आपल्या मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, राखून ठेवावा. गावातील एखाद्या स्त्री-डॉक्टरांस बोलवावे. आणि त्या दिवशी वडिलांनीही घरी बसू नये, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिल्या रांगेत आम्ही बसू. थोडा उशीर झाला आहे, पण नात आता अकरा वर्षांची आहे.