जिताड्याचे नरपण



पेणचे नाव निघाले की शहरवासीयांस गणपतीच्या मूर्ती आठवतात. मत्स्यप्रेमी मंडळींस मात्र पेण काय नि रोहा काय, जिताडाच आठवतो. अंबा व भोगावती धरमतरच्या खाडीस मिळतात, कुंडलिका रेवदंड्याकडे जाते. ह्या खाडीकाठच्या खारेपाटात पावसाळ्यात जिताड्याची पिल्ले येतात. शेतकरी ती धरून घरापुढील तळ्यात सोडतात आणि दोनतीन वर्षे सांभाळतात. सरकारदरबारी काम अडले की असा एखादा जिताडा साहेबांच्या घरी पोचता करण्याची जुनी वहिवाट प्रसिद्धच आहे. तिचे समर्थन मी करीत नाही. माशाचा मान मात्र तीवरून कळतो.

इतक्या लाडाने वाढविलेला हा मासा तळ्यात पिल्ले का देत नाही? पिल्लांसाठी दरवर्षी खाडीकडेच का पाहावे लागते?

ह्याचे उत्तर त्याच्या विलक्षण आयुष्यक्रमात आहे. जिताडा प्रथम नर असतो व पुढे मादी होतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याचे वृषण पक्व होते. नर म्हणून त्याने समुद्राच्या तोंडाशी एखाददुसरा हंगाम घालविला, की सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास त्याच जागी अंडाशय तयार होते. म्हणजे खाडीतील जवळजवळ प्रत्येक मादी एके काळी नर होती!

आता त्या वृषणात काय घडते ते पाहू. सूत्रे मेंदूच्या हाती असतात. ऋतू, पाण्याचा खारटपणा, चंद्राच्या कला ह्यांची वार्ता मेंदूस पोचते, आणि त्याच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी दोन हॉर्मोने रक्तात सोडते. एक शुक्रजंतूंच्या घडणीस आरंभ करून देते, दुसरे ती तडीस नेते. वृषणातील मूळ पेशी लहान लहान कोशांत, पोषक पेशींच्या कुशीत, वारंवार विभागतात. शेवटच्या विभाजनात गुणसूत्रे निम्मी होतात, जिताड्यात ४८ ची २४, आणि मग शेपटीचा शुक्रजंतू आकारास येतो.

ही घडण चालविणारे पुरुषी हॉर्मोन मनुष्याहून थोडे निराळे आहे. माशांत टेस्टोस्टेरॉनवर दोन एंझाइमांची प्रक्रिया होऊन अकरा-कीटोटेस्टोस्टेरॉन बनते. १९६० साली ते सामन माशाच्या रक्तात सापडले. पुढे १९९१ साली जपानी शास्त्रज्ञांनी वाम माशाच्या वृषणाचे तुकडे काचपात्रात ठेवून, केवळ ह्या हॉर्मोनाने शुक्रजंतू तयार होतात असे दाखविले. गंमत अशी की त्याच टेस्टोस्टेरॉनवर अरोमाटेज नावाच्या एंझाइमाने हात फिरविला, तर स्त्री-हॉर्मोन तयार होते. कच्चा माल एकच; कारागीर बदलला की वस्तू बदलते. नराची मादी होणाऱ्या माशांत ह्या दुसऱ्या कारागिराचे बळ वाढते व शुक्रजंतूंचा कारखाना बंद पडतो.

तयार शुक्रजंतू वृषणात निश्चल पडून असतात. समुद्री माशांचे शुक्रजंतू खारे पाणी लागताच धावू लागतात, तेही अल्पकाळच. तळ्यातील गोड्या किंवा मचूळ पाण्यात हा सगळा क्रम अपुरा राहतो.

माणसाने ह्यावर उपाय शोधला आहे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी ह्यांनी पोष ग्रंथीचा अर्क टोचून रोहू वर्गातील माशांची अंडी घालविली. (रोहू आणि रोहा ह्यांचा संबंध केवळ नावाचा!) जिताड्याच्या बाबतीत चेन्नईच्या केंद्रीय खारेपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेस १९९७ साली यश आले. तेथे लहान नर व थोर मादी असे दोन्ही वयांचे मासे समुद्राच्या पाण्यात बाळगावे लागतात. एकाच वयाचे कितीही ठेवले तरी जोडी जमत नाही.

खाडीची अडचणही हीच आहे. मोठे मासे तेवढे ओढून काढले, तर अंडी जातात. लहान मासे उचलले, तर आजचे नरही जातात आणि उद्याच्या माद्याही. म्हणून केवळ वजनाची मर्यादा घालून भागणार नाही, काठाच्या उघाड्या व तिवरांची बने पिल्लांस खुली असली पाहिजेत, आणि वाढलेल्या माशास समुद्राच्या तोंडापर्यंत वाट मिळाली पाहिजे. पेणच्या तळ्यातून दोनतीन किलोंचा जिताडा आपल्या ताटात येतो, तेव्हा तो बहुधा अद्याप नरच असतो.