मेद झडावा, अस्थी नव्हे



स्थूल माणसाची हाडे भक्कम असतात, असा समज घराघरांत आढळतो. त्यात थोडे तथ्य आहे. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडण बदलते, असा नियम जर्मन शल्यविशारद जुलियस वुल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. अस्थिघनता मोजली, तर स्थूल व्यक्तींचे आकडे बहुधा सरसच येतात. पण आकडा सरस म्हणून हाड सुरक्षित, असे नाही. रजोनिवृत्त स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४४ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. स्थूल स्त्रियांत अस्थिभंगाचे एकूण प्रमाण इतरांइतकेच निघाले आणि घोटा व मांडी येथील अस्थिभंग तर अधिक आढळले. वजन वाढले, पण ते पेलणारा स्नायू त्या प्रमाणात वाढला नाही, की तोल जातो आणि शरीर साऱ्या भारासह कोसळते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल मनुष्याविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. त्याच्या देहात मेदाचेच पोषण होत राहते, इतर धातूंचे तसे होत नाही. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या क्रमात मेदाच्या लगेच पुढे अस्थी येते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्थात चरकांनी अस्थिघनता मोजली होती, असा दावा करण्याचे कारण नाही. तसा दावा करणे हा त्यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरवही नव्हे.

मग वजन उतरवले, की प्रश्न मिटला काय? खरी गफलत येथेच होते. आपल्याकडे वजन उतरवणे म्हणजे जेवण तोडणे. विशेषतः घरातील गृहिणी रात्रीचे जेवण सोडते, आठवड्यातील उपवास वाढवते, आणि काटा खाली सरकला की समाधान मानते. काट्यावरून कमी झालेले काय होते, मेद की मांस की अस्थी, हे काटा सांगत नाही.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०७ स्थूल व्यक्तींवर वर्षभर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्षही २०११ मध्येच प्रसिद्ध झाले. एका गटाने केवळ आहार घटवला, दुसऱ्याने केवळ व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही केले आणि चौथ्याने नेहमीचा क्रम चालू ठेवला. आहार घटवणाऱ्या दोन्ही गटांचे वजन सुमारे साडेनऊ टक्के उतरले. पण केवळ आहार घटवणाऱ्यांची खुब्याची अस्थिघनता २.६ टक्के घटली. आहारासोबत व्यायाम करणाऱ्यांची १.१ टक्के घटली. आणि केवळ व्यायाम करणाऱ्यांची दीड टक्का वाढली. या सर्वांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा पूरक पुरवठा होता, ही यातील सर्वांत बोलकी गोष्ट. गोळ्या घेऊनही हाड झिजले. कारण उघड आहे. वजन उतरताच हाडावरचा भार हलका होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर मेदातून मिळणारे इस्ट्रोजेनही कमी होते.

व्यायाम कोणता, हा पुढचा प्रश्न. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १६० स्थूल ज्येष्ठांपैकी बहुतेकांना २६ आठवडे आहारनियमनासोबत निरनिराळे व्यायाम दिले गेले. चालण्यासारखा, दम वाढवणारा व्यायाम करणाऱ्यांची खुब्याची घनता ३ टक्के घटली. वजने उचलणाऱ्यांची अवघी अर्धा टक्का आणि दोन्ही करणाऱ्यांची १ टक्का घटली. सकाळी बागेत फेऱ्या मारून निश्चिंत होणाऱ्या मंडळींनी या आकड्यांपाशी थोडे थांबावे. चालणे हृदयासाठी उत्तमच. पण रोजच्या सवयीच्या भाराने हाड जागे होत नाही. त्याला भार हवा तो सवयीपेक्षा थोडा जास्त, आणि हळूहळू वाढत जाणारा.

हे आपल्या परंपरेला नवे नाही. तालमीत जोर-बैठका होत्या, जोडी होती, करेला होती. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी आणि पिंगा खेळताना स्त्रियांच्या पायांना जे हिसके आणि दणके बसत, ते हाडाला हवेच असतात. शाखेतील खो-खो आणि लंगडी हीदेखील हाडांचीच बांधणी. कारण हाडांची शिल्लक मुख्यतः तिशीच्या आत जमा होते, पुढे फक्त खर्च. सूर्यनमस्कारही उत्तम, तथापि वर्षानुवर्षे तेच बारा घालून भागत नाही, संख्या आणि जोर वाढवावा लागतो. ज्यांची हाडे आधीच ठिसूळ झाली आहेत, त्यांनी मात्र कमरेतून खोल पुढे वाकणे वैद्यकीय सल्ल्याशिवाय टाळावे. पाठीचा मणका दबण्याचा धोका असतो.

आता ताटाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. रजोनिवृत्त स्त्रीला १२००. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३६० मिलिग्रॅम मिळते, तेवढ्याच गाईच्या दुधातून सुमारे १२०. कोकणातली नाचणीची भाकरी आणि आंबील शहरात गरिबाचे अन्न ठरले, हे दुर्दैव. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतले दाण्याचे कूट हीच काय ती त्यातली प्रथिनांची सोय. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि वाटीभर दही घेतले, तर व्रतही सांभाळले जाते आणि स्नायूही. वजन उतरवताना भात-पोळी कमी करावी. डाळ, उसळ, ताक, पनीर कमी करू नये.

राहिले ऊन. ड जीवनसत्त्व मेदात अडकून पडते, त्यामुळे तेवढ्याच उन्हातून स्थूल व्यक्तीच्या रक्तात ते कमी उतरते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी. आणि पहाटेचे कोवळे ऊन प्रसन्न असले, तरी त्यात त्वचेत हे जीवनसत्त्व घडवणारे किरण फारच थोडे. त्यासाठी दुपारच्या आसपास हात-पाय उघडे ठेवून काही मिनिटे उन्हात बसावे लागते. सदनिकेत राहणाऱ्या आणि अंगभर वस्त्रे नेसणाऱ्या आजी-आईंसाठी गच्चीत तेवढी सोय घरच्यांनीच करून द्यावी, आणि रक्ततपासणीत कमतरता दिसल्यास औषधाचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.