व्याकरणात उच्चनीच नाही

(जामनेर येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा माणूस. भाषेवर बोलण्याचा मला अधिकार काय, असे आपण विचाराल. परंतु मर्यादित साधनांतून अधिकाधिक गरजा कशा भागवाव्यात, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न आहे, आणि बोलणारा प्रत्येक माणूस तोच प्रश्न क्षणोक्षणी सोडवीत असतो.

‘तो घरात बसला’ या साध्या वाक्यात ‘घर’ आणि ‘बसला’ यांना जोडणारा प्रत्यय नामानंतर येतो व क्रियापद अखेरीस येते. अहिराणीत आपण ‘घरमा’ म्हणतो, कानडीत ‘मनेयल्लि’, तर दूरच्या तुर्कीत ‘एवदे’. जपानीतही हाच क्रम आहे. तुर्की व जपानी यांचे मराठीशी कुळाचे नाते नाही. मग हे साम्य आले कोठून?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली तीस भाषांची तुलना प्रसिद्ध करून पंचेचाळीस सर्वसाधारण नियम मांडले. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा संबंध दाखवणारा शब्द बहुधा नामानंतर ठेवतात, हा त्यांपैकी एक. इंग्रजीत क्रियापद आधी येते, म्हणून ‘इन’ हा शब्दही नामाच्या आधी येतो. दोन्हीकडे जोडणारा दुवा ज्यांना जोडायचे त्यांच्या मधोमध राहतो. माणसाची तात्कालिक स्मृती तोकडी असते. संबंधित शब्द जवळ राहिले की ऐकणाऱ्याचे श्रम वाचतात. सदतीस भाषांच्या २०१५ मधील एका अभ्यासात ही काटकसर सर्वत्र आढळली.

नोम चॉम्स्की यांनी या साम्याचे मूळ माणसाच्या उपजत भाषाशक्तीत शोधले. उलट मायकेल डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चार भाषाकुले तपासून, शब्दक्रमाचे बदल प्रत्येक कुळात निरनिराळ्या वाटेने होतात, असे दाखविले. वाद मिटलेला नाही. परंतु या वादातील कोणताही पक्ष अमक्या जातीच्या किंवा वर्गाच्या भाषेला व्याकरण नाही, असे म्हणत नाही.

साम्याचे आणखी एक कारण म्हणजे शेजार. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेथे कानडी, उर्दू, मराठी व तेलुगू बोलणारे समाज काही शतके एकत्र नांदले. घरोघरी ज्याची त्याची भाषा टिकली, शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी एकसारखी झाली की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य तेथील उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’ असे होते. ही एकजूट कोणत्याही सरकारी आदेशाने झाली नाही. शेतात, बाजारात, मजुरीवर रोज गाठ पडणाऱ्या माणसांनी ती घडविली, आणि त्यासाठी कोणालाही आपली मायबोली सोडावी लागली नाही.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. आपल्या भागात तावडी, अहिराणी, भिली आणि तांड्यावरची बंजारा बोली कानावर पडते. ग्रिअर्सन यांनी १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ल भाषांच्या शेजारी बसविले. पुष्कळ लोक तिला मराठीची बोली मानतात. २०११ च्या जनगणनेने तिची स्वतंत्र नोंद करून सुमारे साडेअठरा लाख भाषक मोजले. नाव कोणतेही द्या, नियम बदलत नाहीत. अहिराणी बोलणारे मूल ‘माले’ म्हणते तेव्हा ते ‘मला’ हा शब्द चुकवीत नसते. ‘माले’, ‘तुले’ असा ‘ले’ प्रत्ययाचा नियम ते बिनचूक पाळत असते. त्याच्या वहीवर लाल रेघ ओढणारा गुरुजी व्याकरण शिकवीत नाही. तो त्या मुलाला त्याच्या आईची लाज वाटायला शिकवतो.

पालक म्हणतील, नोकरी प्रमाण मराठीला आणि इंग्रजीला मिळते. खरे आहे, आणि या भाषा आमच्या मुलांना उत्तम आल्याच पाहिजेत. परंतु ही बाजारातली किंमत आहे. ती सत्ता व संपत्ती ठरवतात. अंगभूत मूल्य ही निराळी गोष्ट आहे. कापसाचा भाव पडला म्हणून शेतकऱ्याचे श्रम हलके ठरत नाहीत.

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा ३५०-क हा अनुच्छेद १९५६ पासून सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला, याचा मला आनंद आहे. पण मराठीने केंद्राकडे जो न्याय मागितला, तो ती भिली आणि बंजारा बोलीला देणार आहे काय?

साने गुरुजी याच जिल्ह्यात, अमळनेरला शिक्षक होते. भारतीय भाषांनी परस्परांना बहिणी मानावे, हे त्यांच्या आंतरभारतीचे स्वप्न. त्याचा आरंभ आपल्या शाळांतून करता येईल. पहिलीच्या फळ्यावर मुलाचे घरचे वाक्य लिहावे, त्याखाली प्रमाण मराठीतले लिहावे आणि दोन्हींतले नियम मुलांनाच शोधू द्यावेत. याला सरकारी अनुदान लागत नाही. कोणाचीही भाषा हलकी नाही, ही खात्री मात्र शिक्षकाच्या मनात पक्की हवी.