पाण्याआधीचा आयन

पावसाळ्यात भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलावर उभं राहिलं की वैनगंगा किती चढेल, हीच काळजी असते. हे पाणी मुळात बनलं कसं, हे सहसा कुणी विचारत नाही. त्याच्या उत्तराचा एक धागा ताऱ्यांच्या मधल्या विरळ वायूत सापडतो.

त्या वायूत हायड्रोजन मुबलक आहे. वैश्विक किरणांच्या माऱ्याने हायड्रोजनच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन निघून जातो. असा विद्युतभारित रेणू दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भिडला की तीन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉनांचा त्रिकोणी आयन तयार होतो, एच-थ्री-प्लस. हा मोठा दानशूर! भेटेल त्याला एक प्रोटॉन देऊन टाकतो. ऑक्सिजनच्या अणूला दिला, की त्याला पायरीपायरीने आणखी हायड्रोजन जोडला जातो आणि शेवटी इलेक्ट्रॉन मिळून पाणी बनतं. थंड ढगांतल्या धूलिकणांवरही पाणी तयार होतं, आणि तो मार्गही मोठा आहे.

जे. जे. टॉमसन यांना हा आयन 1911 मध्ये प्रयोगशाळेत सापडला होता. पण आकाशात ओळखायचा कसा? त्याचा त्रिकोण समभुज, म्हणून रेडिओ दुर्बिणीला तो सापडत नाही. दृश्य प्रकाशातही खूण नाही. मात्र त्याचे तीन अणू कंप पावताना चार मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतात. 1980 मध्ये ताकेशी ओका यांनी कॅनडात द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या नळीतल्या हायड्रोजनमधून वीज सोडली. त्यामुळे बनलेल्या विद्युतभारित वायूतून (प्लाझ्मातून) अवरक्त लेसर नेऊन, कोणत्या तरंगलांबी शोषल्या जातात ते नेमकं मोजलं. त्याच आकड्यांच्या आधारे 1989 मध्ये गुरूच्या ध्रुवीय प्रकाशात आणि 1996 मध्ये आंतरतारकीय ढगांत हा आयन ओळखता आला.

आपल्याकडेही असं काम झालं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनने 100 सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण उंच पाठवली आणि ताऱ्यांच्या जन्मस्थळांतल्या कार्बन आयनांचा 158 मायक्रॉनचा प्रकाश मोजला. जमिनीवरून हे जमत नाही, कारण हवेतली वाफ तो प्रकाश अडवते.

भंडारा जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. शाळेत एलईडी नसलेली जुनी ट्यूबलाइट असेल, तर तिच्यासमोर जुनी सीडी तिरकी धरा. रंगांचे सुटे पट्टे दिसतील. त्यांतले काही थेट पाऱ्याच्या वाफेचे असतात. प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची रीत मुलांना अशी डोळ्यांनी दाखवा, पुस्तकातली व्याख्या नंतर सांगा.