विमानसेवा आणि पर्यावरण : बचतीचे अर्थकारण

विमानाचे एक किलो इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो. त्यामुळे इंधनबचत ही विमान कंपन्यांच्या पर्यावरणरक्षणाची पहिली पायरी ठरते. जमिनीवर एकाच इंजिनाचा वापर, सरळ हवाई मार्ग, अनावश्यक वजनात कपात आणि कमी इंधन लागणारी नवी विमाने या उपायांनी खर्च व प्रदूषण दोन्ही घटतात. येथे कंपनीचे व समाजाचे हित एकच असते.

शाश्वत विमान इंधनाबाबत मात्र तसे नाही. २०१८ मध्ये डेहराडून-दिल्ली मार्गावर जट्रोफापासून तयार केलेल्या इंधनाचे मिश्रण वापरून विमान उडाले. तंत्र सिद्ध झाले. पण असे इंधन नेहमीच्या इंधनाहून बरेच महाग पडते. एकट्या कंपनीने ते वापरल्यास तिचे तिकीट महागते आणि प्रवासी प्रतिस्पर्ध्याकडे वळतात. यास्तव सर्वांना समान नियम आवश्यक ठरतो. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी मिश्रणाचे उद्दिष्ट २०२७ साठी १ टक्का, २०२८ साठी २ टक्के आणि २०३० साठी ५ टक्के ठेवले आहे.

प्रत्येक उड्डाणामागे साधलेली बचत उड्डाणांच्या वाढत्या संख्येत विरून जाऊ नये, यासाठी दोन्ही मार्गांची सांगड घालणे अपरिहार्य आहे.