मुद्रा : नगराचे वचन

नगराची मुद्रा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ते नगराने नागरिकांना दिलेले वचन असते. राज्यव्यवहारात फारसीचे प्राबल्य असताना शिवछत्रपतींनी संस्कृत राजमुद्रा स्वीकारली आणि ती लोककल्याणासाठी शोभते, असे तिच्यातच कोरले. तोच भाव १९५० साली स्थापन झालेल्या पुणे महानगरपालिकेच्या बोधवाक्यात आहे : ‘वरं जनहितं ध्येयम्’. जनहित हेच श्रेष्ठ ध्येय! पालिकेच्या कागदावर आपण कराची रक्कम तेवढी वाचतो. मुद्रेकडे लक्ष जात नाही. आपल्या गावची मुद्रा मुलांना समजावून सांगा. ज्या नागरिकांना वचनच ठाऊक नाही, ते वचनपूर्तीचा आग्रह कशाच्या बळावर धरणार?