घुबडाचं घरटं मोडू नका



जुन्या वाड्याच्या सांदीत रात्री फुस्स-फुस्स आवाज आला, की साप समजून आपण काठी घेऊन धावतो. जरा थांबा! ती गव्हाणी घुबडाची पिल्लं असू शकतात. पांढरा, बदामासारखा चेहरा दिसला, की ओळख पटली.

तिन्हीसांजेनंतर लांबूनच, बॅटरी न मारता बघा. नर-मादी उंदीर आणून पिल्लांना भरवतात. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घातलेली, म्हणून पिल्लं लहान-मोठी दिसतात. घरट्याखाली काळपट गोळ्या पडतात. त्यातली एक पाण्यात भिजवून काडीनं फोडा. आत उंदरांचे केस अन् कवट्या निघतील. तुमच्या धान्याची राखण कोण करतं, ते तिथंच कळेल.

पिल्लं उडायला सुमारे दोन महिने लागतात. तोवर घरट्याला हात लावू नका, वाड्याची डागडुजी पुढं ढकला. उंदरांना विषारी आमिष न घालता सापळे लावा. विष खाल्लेला उंदीर पिल्लांच्या पोटात गेला, तर तीही दगावतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड मारणं गुन्हा आहे.

अपशकुन घुबडाचा नव्हे, कणगीतल्या उंदराचा!